यंत्र ‘नाही’ म्हणते तेव्हा

खरोखर बिघडलेला कॅल्क्युलेटर फार क्वचित पाहायला मिळतो. ‘बिघडला’ म्हणून हातात आणून दिलेले मात्र मी तीस वर्षांत शेकड्यांनी पाहिले. आधी चंद्रपूरला आणि नंतर गडचिरोलीला पदविकेच्या मुलांना गणित शिकवण्यात माझी नोकरी गेली. दर सत्राच्या शेवटी, परीक्षा आठ दिवसांवर आली की मुलांची रांग लागायची. ‘सर, याच्यावर एररच येऊन राहिला.’ यंत्र उलटसुलट करून पाहिले, सेल तपासला, दोन-चार गणिते घातली की कळायचे, यंत्र ठणठणीत आहे. ते बिचारे काही सांगू पाहत होते आणि ते कोणी ऐकून घेत नव्हते, एवढेच.

ऐकून न घेण्याला कारणही होते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाचा. सिरोंच्याकडून येणारा मुलगा घरी तेलुगू बोलतो, एटापल्ली-भामरागडकडचा माडिया, धानोऱ्याकडचा गोंडी, मुलचेरा-चामोर्शीकडचे काही बंगाली, कोरचीकडचे छत्तीसगढी. मराठी शाळेत शिकलेली, आणि इंग्रजी ही तिसरी नाही तर चौथी भाषा. अशा मुलाच्या हातातल्या यंत्राच्या काचेवर अचानक दोन इंग्रजी शब्द उमटतात, त्यातला दुसरा ‘एरर’. पहिला शब्द वाचण्याआधीच दुसऱ्याने धडकी भरते. मग अंगठा आपोआप ‘एसी’च्या बटणाकडे जातो आणि पाटी कोरी होते.

खरी गडबड इथेच होते. ताडोब्यात वाघाचा माग काढायला निघालेल्या माणसाने आधी झाडू घेऊन पायवाट स्वच्छ करावी, तसे हे ‘एसी’ दाबणे. आज मुलांच्या हातात असणाऱ्या बहुतेक सायंटिफिक कॅल्क्युलेटरांत, म्हणजे कॅसिओच्या एफएक्स-८२ किंवा एफएक्स-९९१ या घराण्यात, एरर आल्यावर ‘एसी’ऐवजी डावीकडचा किंवा उजवीकडचा बाण दाबला तर लिहिलेले सगळे गणित पुन्हा समोर येते. आणि जिथे यंत्र अडखळले, नेमक्या त्या जागी खूण लुकलुकत असते. एवढी सोय पूर्वीच्या यंत्रांत नव्हती. ती अडली की नुसते दोन रेघांमध्ये एक ‘ई’ दाखवत. काय झाले, कुठे झाले, काही नाही. आताचे यंत्र कारण सांगते आणि जागाही दाखवते. शिकवणाऱ्याने याहून जास्त काय करावे?

आता ते कारण. ‘सिंटॅक्स एरर’ हा त्यातला सगळ्यात निरुपद्रवी. सिंटॅक्स म्हणजे वाक्यरचना. ‘मी काल आलापल्लीला आणि’ एवढे म्हणून कोणी थांबला तर आपण त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. त्याचे म्हणणे खोटे नसते, ते पुरे झालेले नसते. गुणिलेनंतर लगेच भागिले दाबले गेले, दशांशचिन्ह दोनदा पडले, कंस उघडण्याआधीच बंद केला, तर यंत्राची अवस्था तीच होते. बाण दाबावा, जागा पाहावी, चुकीचे चिन्ह पुसावे. अर्ध्या मिनिटाचे काम.

‘मॅथ एरर’ मात्र वेगळ्या जातीचा. इथे वाक्य व्याकरणाने शुद्ध असते, पण त्यात सांगितलेली वस्तू जगात नसते. आपल्या जुन्या तार्किकांनी यासाठी सशाच्या शिंगाचे उदाहरण दिले आहे. ‘सशाचे शिंग’ हे शब्द बरोबर आहेत, विभक्ती बरोबर आहे, फक्त सशाला शिंग नसते. (हा शब्द काही मुले इंग्रजी स्पेलिंगवरून ‘मठ एरर’ असा वाचत. मी तो फार दिवस दुरुस्त केला नाही, त्याचे कारण पुढे येईल.) यंत्राला ऋण संख्येचे वर्गमूळ मागितले, शून्याचा लॉग मागितला, ज्याची साइन २ आहे असा कोन मागितला, की ते म्हणते, सशाचे शिंग माझ्याकडे नाही.

पण मुलाने सशाचे शिंग मुद्दाम मागितलेले नसते. त्याला मागायचे असते वेगळेच. म्हणून मॅथ एरर आला की यंत्रावर संशय घेण्याऐवजी ‘मी काय मागून बसलो?’ असे विचारायचे असते. काटकोन त्रिकोणात कोन काढताना साइन इनव्हर्सने मॅथ एरर दिला, तर जवळजवळ नक्की समजावे की समोरची बाजू आणि कर्ण यांची अदलाबदल झाली आहे. ३ भागिले ५ च्या जागी ५ भागिले ३ गेले आहे. कर्णापेक्षा मोठी बाजू असलेला काटकोन त्रिकोण काढता येत नाही, हे यंत्राने आकृती न पाहता ओळखले.

एका उन्हाळी परीक्षेत मी पर्यवेक्षक होतो. एटापल्लीकडची एक मुलगी, घरातली पहिलीच जी दहावीच्या पुढे आलेली, वर्गसमीकरणापाशी अडकली होती. कॅल्क्युलेटर तिच्या मैत्रिणीचा, उसना. बऱ्या यंत्राला आजही हजाराच्या घरात पैसे मोजावे लागतात, तेव्हा उसनवारी नवलाची नव्हती. प्रश्न सोपा होता. क्ष वर्ग, वजा पाच क्ष, अधिक सहा बरोबर शून्य. मुळे २ आणि ३, हे आठवीतला मुलगाही तोंडी सांगेल. पण पुढच्या उपप्रश्नासाठी सूत्र वापरायला सांगितले होते आणि सूत्रात आधी ‘ब’चा वर्ग येतो. ब म्हणजे उणे पाच. तिने उणेचे चिन्ह, पाच आणि वर्गाचे बटण दाबले, चोवीस वजा केले आणि वर्गमूळ घेतले. मॅथ एरर. तिने पुन्हा केले. पुन्हा तेच. मग यंत्र झटकले, मागचे झाकण काढून सेल फिरवला, पुन्हा केले. मी तीन बाकांवर उभा होतो आणि मला सगळे दिसत होते. पर्यवेक्षकाने बोलायचे नसते. मी बोललो नाही. पंधरा मिनिटांनी तिने ‘मुळे वास्तव नाहीत’ असे लिहिले आणि त्यावर अवलंबून असलेले पुढचे दोन्ही प्रश्न सोडून दिले.

झाले होते ते एवढेच. उणे पाचाला कंसात न घालता वर्ग मागितला की यंत्र आधी पाचाचा वर्ग करते आणि मग उणे लावते. उत्तर उणे पंचवीस. गणिताचा नियमच तसा आहे, यंत्राची त्यात चूक नाही. उणे पंचवीस वजा चोवीस, म्हणजे उणे एकोणपन्नास, आणि त्याचे वर्गमूळ म्हणजे सशाचे शिंग. कंस घातला असता तर पंचवीस वजा चोवीस, एक. एकाचे वर्गमूळ एक. दोन बटणांचे अंतर. त्या दोन बटणांपायी तिचा तो विषय राहिला, आणि विषय राहणे म्हणजे काय हे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आल्यावर भामरागडचा रस्ता बंद पडलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. एका पेपरसाठी पुन्हा शहरात खोली, पुन्हा खानावळ, पुन्हा बापाची उधारी.

ऋण संख्येला वर्गमूळ नसते हे पहिल्यांदा स्वच्छ शब्दांत सांगणाऱ्यांपैकी एक म्हणजे नवव्या शतकातला जैन गणिती महावीराचार्य. त्याचे म्हणणे असे की, ऋण संख्या स्वभावतःच कोणाचा वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही. भास्कराचार्यांनीही तेच म्हटले. काल्पनिक संख्या युरोपात पुढे फार उशिरा रुळल्या. म्हणजे आपल्या खिशातले यंत्र साध्या मोडमध्ये अजून महावीराचार्यांच्याच गादीवर बसले आहे.

शून्याने भागण्याचे मात्र इतके सरळ नव्हते. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे सांगितले, आणि इतर संख्यांना शून्याने भागले तर छेदात शून्य ठेवून विषय तिथेच सोडला. महावीराचार्य म्हणाले, शून्याने भागले तर संख्या आहे तशीच राहते. दोघेही थोर, पण दोघांची उत्तरे आज कोणी स्वीकारत नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अशा राशीला ‘खहर’ म्हटले, म्हणजे ज्याचा हर, छेद, शून्य आहे ते. ही राशी अनंत असते, तिच्यात काही मिळवले किंवा काढले तरी फरक पडत नाही, जसा सृष्टीच्या उत्पत्ती-प्रलयाने अच्युताला फरक पडत नाही, असा त्यांचा दृष्टान्त. सुंदर आहे, पण ओव्हरसिअरला या उत्तराने पूल बांधता येणार नाही. तीन मोठ्या माणसांनी पाचशे वर्षांत तीन उत्तरे दिली, तिथे यंत्र सरळ मॅथ एरर म्हणून हात जोडते. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

आणि तो ‘मठ’. चाळीसगावजवळच्या पाटण इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इ.स. १२०७ मध्ये मठ स्थापन केल्याचे त्यात कोरले आहे. तेव्हा शून्याने भागल्यावर मुलांनी ‘मठ एरर’ म्हटले तर ते अगदीच अस्थानी नाही, असे मी वर्गात सांगत असे.

मॅथ एररचे आणखी एक कारण आहे ते निव्वळ आकाराचे. ६९ चे क्रमगुणित यंत्र देते, ७० चे देत नाही. मुले चकित होतात. ६९ चे उत्तर ९९ अंकी, ७० चे १०१ अंकी, आणि काचेवर शंभर अंकांपलीकडची संख्या मावत नाही. लीलावतीत भास्कराचार्यांनी शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे किती प्रकारे येतील असे विचारले आहे. उत्तर ३६,२८,८००. सत्तर हातांचा देव असता तर यंत्राने नमस्कार केला असता.

‘स्टॅक एरर’ आपल्याकडे समजावायला फार सोपा, कारण बल्लारपूरचा लाकूड डेपो पाहिलेला मुलगा वर्गात असतोच. स्टॅक म्हणजे थप्पी. कंसात कंस, त्यात कंस असे लिहीत गेले की यंत्र पुरे न झालेल्या क्रिया थप्पीसारख्या एकावर एक रचून ठेवते आणि वरून खाली उतरवत जाते. माझ्याकडच्या एमएस मालिकेतल्या यंत्रात संख्यांच्या थप्पीला दहा थर आणि क्रियांच्या थप्पीला चोवीस थर, यापुढे जागा नाही. गणिताचे दोन तुकडे करावे, पहिल्याचे उत्तर मेमरीत ठेवावे. संपले.

इथवर जे सांगितले ते सगळे यंत्राच्या नाही म्हणण्याविषयी. पण इतक्या वर्षांत मुलांचे खरे नुकसान मी पाहिले ते यंत्र हो म्हणाले तेव्हा.

आमच्याकडे जंगल असल्यामुळे उदाहरण झाडाचेच घेऊ. सागाची उंची काढायची आहे. बुंध्यापासून २० मीटरवर सपाट जागी उभे राहिलात, शेंड्याचा कोन आला ४५ अंश, डोळ्याची उंची दीड मीटर. ४५ अंशांचा टॅन १, म्हणून उंची वीस अधिक दीड, साडेएकवीस मीटर. आता यंत्र चुकून रेडियनवर असेल तर त्याच बटणांनी टॅन येतो १.६२ आणि उंची जवळजवळ ३४ मीटर. आलापल्लीच्या जुन्या सागवनात वावरलेल्या माणसाला ३४ मीटरचा साग अशक्य वाटणार नाही, तो आकडा लिहून मोकळा होईल. आणि यंत्र ‘ग्रेड’वर असेल तर त्याहून वाईट. ग्रेड म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात दशमानाच्या उत्साहात काटकोनाचे नव्वदऐवजी शंभर भाग केले गेले, ते माप. आपल्याकडे ते कोणी वापरत नाही, पण बटणामागे दडून बसलेले असते. त्यात उंची येते साडेअठरा मीटर. साडेएकवीस आणि साडेअठरा! कोणाला शंका यावी? ना एरर, ना इशारा. काचेच्या वरच्या कडेला मुंगीएवढे एक अक्षर असते, ‘डी’, ‘आर’ किंवा ‘जी’. तेवढाच काय तो पुरावा.

लाकडाचे घनफळही तसेच. गोल लाकडाची गोलाई घ्यायची, तिचा चौथा हिस्सा करायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. ही चतुर्थांश गोलाईची पद्धत. १.२ मीटर गोलाई, ४ मीटर लांबी, घनफळ ०.३६ घनमीटर. घाईत कंस न घालता १.२ भागिले ४ चा वर्ग गुणिले ४ असे दाबले तर यंत्र फक्त चाराचा वर्ग करते. उत्तर ०.३. एका नगामागे सहावा हिस्सा गडप, आणि तरीही आकडा दिसायला सज्जन. एका नगाचे सोडा, शंभर नगांच्या यादीत काय होईल ते पाहा. थिओडोलाइटने घेतलेला ४५ अंश ३० मिनिटांचा कोन ४५.३० असा लिहिणारे तर दर वर्षी भेटत. ३० मिनिटे म्हणजे अर्धा अंश, ४५.५. त्यासाठी अंश-मिनिट-सेकंदांचे वेगळे बटण यंत्रावर असते आणि ते वर्षभर नवे कोरे राहते. उसन्या यंत्रावर आधीच्या मालकाने ‘फिक्स’ लावून एकच दशांशस्थळ ठेवलेले असेल तर ०.३६ चे ०.४ होऊन समोर येते, हेही त्यातलेच.

हे मुलांचेच होते असे नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डने एचपी-३५ नावाचा, हातात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर काढला. हजारो यंत्रे विकली गेल्यावर लक्षात आले की २.०२ चा नैसर्गिक लॉग घेऊन तो परत उलटवला की २.०२ ऐवजी नुसते २ येते. एरर नाही, काही नाही, शांतपणे चुकीचे उत्तर. कंपनीने यंत्रे बदलून देण्याची तयारी दाखवली. आतला दोष असा सापडतो आणि सुधारतोही. रेडियनवर राहिलेले यंत्र कोणती कंपनी बदलून देणार?

म्हणून मी मुलांना एक परीक्षा शिकवत असे. हातात कोणाचेही यंत्र आले, की पहिले गणित टॅन ९०. अंशांमध्ये ९० चा टॅन अस्तित्वात नाही, सावली नसलेल्या खांबासारखा तो प्रश्न आहे. म्हणून मॅथ एरर आला पाहिजे. आला की यंत्र अंशांवर आहे, निर्धास्त व्हावे. उणे १.९९५ आले तर ते रेडियनवर आहे, ६.३१ आले तर ग्रेडवर. मग जुन्या एमएस यंत्रात ‘मोड’ दाबत राहायचे, ‘डेग, रॅड, ग्रा’ असे तीन शब्द समोर येईपर्यंत, आणि १ दाबायचा. नव्यांत शिफ्ट आणि मोड यांनी तीच यादी निघते. फारच गोंधळ झाला असेल तर शिफ्ट दाबून ‘सीएलआर’ आणि त्यातला ‘मोड’चा पर्याय घेतला की यंत्र दुकानातून आणल्यासारखे होते. आतले चार आकडे बाजूला लिहून ठेवायला मात्र विसरू नये, कारण ‘ऑल’ घेतले तर मेमरीही जाते.

खरा बिघाड कधीच नसतो असे नाही. पावसाळ्यात घामाच्या आणि भिजक्या बोटांनी बटणाखालचे रबर चिकटते, एखादा अंक दोनदा उमटतो. सेल उतरला की आकडे फिकट पडतात, आणि ज्यांवर काळी सौर पट्टी आहे ती यंत्रे अंधाऱ्या खोलीत नाही म्हणतील म्हणून झाकून ठेवू नयेत, त्यांच्यातही बहुधा बटणसेल असतो. नकली मालही बाजारात पुष्कळ, त्यात तर काय होईल सांगता येत नाही. आणि दोन अस्सल यंत्रांतही ‘६ ÷ २(१ + २)’ असे गुणिलेचे चिन्ह गाळून लिहिले तर एका मॉडेलमध्ये १ येतो आणि दुसऱ्यात ९. तेव्हा गुणिलेचे चिन्ह गाळू नये, हे मी रागावून सांगत असे आणि आजही सांगेन.

राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या प्रश्नपत्रिकेवर, प्रोग्रॅम करता न येणारा खिशातला कॅल्क्युलेटर चालेल अशी सूचना छापलेली असते. ती वाचून मुले आत जातात. निवृत्त झाल्यावर मागच्या उन्हाळ्यात एका केंद्राच्या फाटकाशी उभा होतो. घंटेला दहा मिनिटे होती. चिंचेच्या सावलीत पाच-सहा मुलेमुली घोळक्याने बसली होती आणि एक उसने यंत्र हातोहात फिरत होते. प्रत्येक जण तेच गणित घालत होता. शेवटच्या मुलीने काच सावलीत धरून वाचली, म्हणाली, ‘मठ एरर आला, चला,’ आणि सगळी उठली.